बिझनेस व्हिसावर माणूस पाठवता, पण तो तिथे करतो काय?

पत्राचा सारांश: पुण्याजवळच्या एका उद्योजकांनी लिहिलं आहे. कंपनी साठ-सत्तर जणांची, कारखान्यांतल्या उत्पादन-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बनवणारी. निम्मा धंदा दक्षिण जर्मनीतल्या एकाच ग्राहकाचा. गेली पाच वर्षं दोन-तीन इंजिनिअर आळीपाळीने बिझनेस व्हिसावर तिकडे जातात, 80-85 दिवस राहतात, परत येतात, पुन्हा जातात. पगार पुण्यातून, वर रोजचा भत्ता. यंदा एका मुलाला विमानतळावर थांबवून त्याच्या मुक्कामाच्या दिवसांचा हिशोब समोर ठेवला गेला आणि तंबी देऊन सोडलं. पाठोपाठ ग्राहकाच्या पर्चेस विभागाचा मेल आला: तुमची माणसं आमच्या प्लांटमध्ये कोणत्या कायदेशीर आधारावर काम करतात ते लेखी कळवा, तोवर पुढची ऑर्डर थांबवली आहे. एक सल्लागार म्हणतो आयसीटी कार्ड (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) काढा, दुसरा म्हणतो जर्मनीत जीएमबीएच (तिथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी) काढून ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदाराचा निवास परवाना) द्या, तिसरा म्हणतो पोलंडमध्ये कंपनी टाका. "नियम इतके बदलले तर लहान कंपनीने करायचं काय? आणि एवढा खर्च करून पाठवलेली मुलं तिकडेच राहिली तर? दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यावा का?"

उत्तर:

नियम बदलले, हे तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा आलं आहे. काही बदललेही आहेत, त्यांच्याकडे येतो. पण ज्याने तुमची झोप उडवली तो नियम जुनाच आहे. ग्राहकाच्या प्लांटमध्ये बसून रोज कोड लिहायचा आणि त्याला 'बिझनेस ट्रिप' म्हणायचं, हे पाच वर्षांपूर्वीही बसत नव्हतं. तेव्हा मोजणारं कुणी नव्हतं, आता यंत्र मोजतं. हे रागवायला सांगत नाही. "नियम बदलले" असं धरून चाललात तर नवा व्हिसा शोधत बसाल. "आपली पद्धतच बसत नव्हती" असं धरलंत तर कामाची मांडणी बदलाल. तुमची सुटका दुसऱ्या वाटेने आहे.

आधी त्या विमानतळावरच्या हिशोबाचं बघू. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाह्य सीमांवर ईईएस ही नोंदणी यंत्रणा 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि सगळीकडे पूर्ण लागू करण्याची ठरलेली तारीख 10 एप्रिल 2026 होती. शिक्के पुसट येत, पानं चुकत, अधिकाऱ्याला बेरीज करायचा कंटाळा येई. तो काळ गेला. 29 देशांतलं तुमचं येणं-जाणं एकाच नोंदवहीत जातं. शनिवार-रविवारी मुलं प्रागला किंवा पॅरिसला फिरून आली तरी ते दिवस त्याच खात्यात.

"85 दिवस राहून परत आला, म्हणजे नव्याने 90 मिळाले" ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. नियम कोणत्याही 180 दिवसांत 90 असा आहे, आणि ती 180 दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. तुमचा इंजिनिअर 10 जानेवारी 2026 ला पोचला आणि 4 एप्रिलला निघाला असं धरा. जाण्याचा आणि येण्याचा दिवस दोन्ही धरून 85 झाले. त्याला 1 जुलैला पुन्हा पाठवलं, तर त्या दिवशी मागे मोजायची खिडकी 3 जानेवारीपासून सुरू होते, म्हणजे जुने 85 च्या 85 अजून आत. हातात पाच दिवस, आणि 6 जुलैला तो मुदतीबाहेर. तोच माणूस 9 जुलैला गेला, तर रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा चढतो. 6 ऑक्टोबरपर्यंत पूर्ण 90 दिवस राहता येतं. आठ दिवसांच्या फरकावर सगळा खेळ. व्हिसा दोन किंवा पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री असला तरी हा हिशोब बदलत नाही. एप्रिल 2024 पासून भारतीयांना दीर्घ मुदतीचे व्हिसा सहज मिळू लागले, त्यामुळे उलट ही चूक वाढली आहे. युरोपियन कमिशनचं दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर ऑनलाइन फुकट आहे. तिकीट काढणाऱ्या माणसाला ते वापरायला लावा, प्रवास करणाऱ्याला नव्हे. जाणारा नेहमी म्हणतो "बसतंय".

आता मुद्द्याचं. दिवस मोजून बरोबर आले, म्हणून काम करायची परवानगी मिळाली असं होत नाही. जर्मन रोजगार नियमावलीचं कलम 16 बिझनेस प्रवाशाला काय चालतं ते सांगतं: बैठका, वाटाघाटी, ऑफर तयार करणं, करार करणं, कराराची अंमलबजावणी कशी चालली आहे यावर देखरेख. पाहणं, बोलणं, ठरवणं. हाताने करणं त्यात नाही. पगार पुण्यातून जातो म्हणून ते 'काम' होत नाही, हा समजही सोडा. काम कुठे घडतं हे बघतात, पैसे कुठून निघतात हे नाही.

पण त्याच नियमावलीत कलम 19 आहे आणि तुमच्या तिन्ही सल्लागारांपैकी एकानेही त्याचं नाव घेतलेलं दिसत नाही. परदेशातल्या कंपनीकडे ऑर्डर केलेली यंत्रं, संयंत्रं किंवा संगणक प्रोग्रॅम बसवणं, चालवायला शिकवणं, देखभाल, दुरुस्ती. यासाठी त्या कंपनीचा माणूस जर्मनीत येऊ शकतो. पहिला टप्पा 12 महिन्यांत 90 दिवसांपर्यंत. यात रोजगार संस्थेची, म्हणजे बुंडेसआगेंटूरची मंजुरी लागत नाही, पण काम सुरू होण्याआधी तिला लेखी कळवावं लागतं. व्हिसाचं स्टिकर दिसायला जवळपास तेच, मागचे कागद वेगळे: तुमच्या नावाची ऑर्डर, त्यात इन्स्टॉलेशन आणि ट्रेनिंग हे शब्द, कामाचं ठिकाण, तारखा, आगेंटूरला पाठवलेल्या सूचनेची प्रत. या प्रती जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत हव्यात, चेक-इन सामानात नकोत. नाशिक-कोल्हापूरकडून साचे, पंप किंवा विशेष यंत्रं पाठवणाऱ्यांनाही हेच कलम लागू पडतं. खरं तर ते त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे.

इथे दोन घड्याळं एकदम चालतात, हे नीट लक्षात घ्या. सीमेवरचं घड्याळ 180 दिवसांत 90 मोजतं. कलम 19 चं घड्याळ 12 महिन्यांत 90. एकच माणूस वर्षातून दोनदा 85-85 दिवस गेला, तर सीमेवर तो कदाचित सुटेल, पण कामाच्या नियमात तो दुसऱ्या फेरीच्या सहाव्या दिवशी बाहेर पडला. 90 पेक्षा जास्त लागणार असेल तर त्याच कलमाचा दुसरा भाग आहे: आगेंटूरच्या मंजुरीने, नॅशनल व्हिसावर, कमाल तीन वर्षं.

आणि हो, नवीन फीचर लिहिणं म्हणजे इन्स्टॉलेशन नव्हे. प्लांटमध्ये बसून स्प्रिंटवर स्प्रिंट, म्हणजे नव्या कोडच्या फेऱ्यांवर फेऱ्या, काढणं या कलमात बसवू नका. ते काम पुण्यात करा. पाच वर्षं दोन-तीन माणसं कायम तिकडे का लागतात, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे का? बहुतेक वेळा पहिल्या वर्षी खरंच लागलेली असतात आणि पुढे सवय होते. ग्राहकाला समोर माणूस दिसलेला आवडतो, तुम्हाला तो दिसल्यामुळे ऑर्डर टिकेल असं वाटतं. गेल्या 12 महिन्यांची कामाची यादी काढा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: यंत्राला हात लावल्याशिवाय होणारच नाही, की होऊ शकतं. कमिशनिंग म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करून देणं, शॉप-फ्लोअरवर चालकांना शिकवणं, स्वीकृती चाचणी हे पहिल्या रकान्यात जाईल. बाकीचं बरंचसं दुसऱ्या रकान्यात पडेल असा माझा अंदाज. तसं झालं तर तुमची गरज वर्षाला प्रत्येकी 90 दिवसांच्या आत येते आणि जीएमबीएचचा विषय निदान या वर्षापुरता मिटतो.

पर्चेस विभागाच्या मेलकडे येऊ. तुम्हाला तो अपमान वाटला आहे. ग्राहकाच्या बाजूने बघा: परवानगी नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवल्यास जर्मनीत 5,00,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कंत्राटदार अशी माणसं वापरतो हे माहीत असून किंवा निष्काळजीपणे डोळेझाक करून त्याच्याकडून मोठं काम करवून घेणारी कंपनीही त्याच दंडाच्या कक्षेत येते. तपासणी करणारा विभाग सीमाशुल्क खात्याचा, त्सोलचा आहे. ते वर्दीत दारात येतात.

दुसरी भीती मजूर-पुरवठ्याची. आपल्याकडे बॉडी शॉपिंग म्हणतात ते. तुमचा माणूस ग्राहकाच्या टीम लीडकडून रोजची कामं घेतो, रजा त्याला विचारून टाकतो, ग्राहकाचा ईमेल आयडी वापरतो, कोणता माणूस हवा ते ग्राहक ठरवतो आणि बिल तासांवर निघतं. असं असेल तर करारावर 'प्रोजेक्ट' लिहिलेलं असलं तरी कायदा त्याला माणूस भाड्याने देणं समजू शकतो. प्रत्यक्ष वागणूक बघितली जाते, शीर्षक नव्हे. माणसं भाड्याने द्यायला जर्मनीत परवाना लागतो, आणि तो युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून धंदा चालवणाऱ्याला मिळत नाही. परवान्याविना झालं तर त्या मुलाचा नोकरीचा करार थेट ग्राहकाशी झाला असं कायदा धरतो. म्हणजे तुमचा माणूस एका रात्रीत ग्राहकाचा कर्मचारी, मागच्या पगाराच्या फरकासह. पर्चेसवाल्याला हेच नको आहे.

म्हणून करार 'वेर्कफेरट्राग' म्हणजे ठरलेलं काम पूर्ण करून देण्याच्या स्वरूपात लिहा आणि तसंच वागा: काय देणार, कोणत्या चाचणीवर स्वीकृती, दोष निघाल्यास कुणाची जबाबदारी. तुमच्या माणसाला सूचना देणारा तुमचाच लीड असावा, पुण्यात बसलेला चालेल. ग्राहकाने काही हवं असल्यास त्या लीडकडे लेखी मागणी नोंदवावी. तासावर बिल निघालं म्हणजे लगेच मजूर-पुरवठा ठरतो असं नाही, पण बाकीच्या खुणांबरोबर ते जमा होतं.

आता तीन सल्लागार.

आयसीटी कार्ड म्हणजे एकाच कंपनीत किंवा एकाच समूहात, भारतातून जर्मनीत बदली. माणूस किमान सहा महिने सलग तुमच्याकडे नोकरीत हवा, व्यवस्थापक किंवा तज्ज्ञ असेल तर कमाल तीन वर्षं, आणि ती पूर्ण वापरल्यावर पुन्हा त्याच कार्डासाठी सहा महिन्यांचा खंड. पगार तिथल्या तुलनीय कर्मचाऱ्यापेक्षा कमी चालत नाही. सगळं ठीक, फक्त बदली करायला जर्मनीत तुमची शाखा किंवा कंपनी हवी. ती तुमच्याकडे नाही. ग्राहक म्हणजे तुमचा समूह नव्हे. आज हा पर्याय तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही, आणि सल्लागाराने हे पहिल्या बैठकीत सांगायला हवं होतं.

पोलंडचा पर्याय 'फान डेर एल्स्ट' नावाने विकला जातो. युरोपीय न्यायालयाच्या 1994 च्या निकालातून तो आला: एका सदस्य देशातली कंपनी तिथे कायदेशीर नोकरीत असलेला परदेशी कर्मचारी दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरत्या कामासाठी पाठवू शकते. यात 'तिथे कायदेशीर नोकरीत असलेला' हे शब्द महत्त्वाचे. आधी पोलंडमध्ये खरी कंपनी, खरा धंदा, पोलंडचं वर्क परमिट, पोलंडचा पगार, मग जर्मनी. ग्राहक एकटा जर्मनीत, आणि पोलंडमध्ये फक्त पत्ता, ही रचना टपालपेटी कंपनी म्हणूनच ओळखली जाते. तुमच्यासाठी मी हा पर्याय बाजूला ठेवेन. 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड', म्हणजे तुमच्या माणसाला कागदोपत्री आपल्या नोकरीत घेणाऱ्या, सेवांच्या जाहिरातीही तुम्हाला दिसतील. जर्मनीत त्यांचं काम बहुधा मजूर-पुरवठ्याच्या परवान्यावर चालतं, आणि निवास कायद्याच्या कलम 40 प्रमाणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या माणसाला आगेंटूरने मंजुरी नाकारायची असते. भारतातून नवा माणूस न्यायला तो रस्ता बंदच समजा.

उरला जीएमबीएच आणि ब्लू कार्ड. हा खरा पर्याय आहे, पण आकडे मांडल्याशिवाय हो म्हणू नका. भांडवल 25,000 युरो, त्यातले निदान 12,500 नोंदणीपूर्वी भरलेले. नोटरी, व्यापार नोंदवही, कर क्रमांक, आगेंटूरकडून आस्थापना क्रमांक, अपघात विमा मंडळाची नोंद. वेळ खाणारी गोष्ट यातली कुठलीच नाही. वेळ खाते बँक. संचालक भारतात राहणारा असेल तर खातं उघडायला लागणारा काळ बाकी सगळ्याच्या बेरजेपेक्षा जास्त निघू शकतो. खातं नाही तर भांडवल भरता येत नाही, भांडवल नाही तर नोंदणी नाही. बँकेशी बोलणं पहिल्या दिवशी सुरू करा.

ब्लू कार्डासाठी 2026 सालची पगाराची अट वर्षाला 50,700 युरो, म्हणजे महिना 4,225. माहिती-तंत्रज्ञान, अभियांत्रिकी अशा टंचाईच्या व्यवसायांत आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांसाठी 45,934.20. गेल्या वर्षी हेच आकडे 48,300 आणि 43,759.80 होते. ही रक्कम पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेला बांधलेली आहे, म्हणून दर 1 जानेवारीला हलते. डिसेंबरात सही केलेलं ऑफर लेटर फेब्रुवारीच्या अर्जाला अपुरं पडतं ते यामुळे. काठावरचा आकडा लिहू नका, दोन-तीन हजारांची जागा ठेवा. खात्रीने मिळणार नाही असा बोनस धरला जात नाही. राहण्या-जेवणाची भरपाई पगार नव्हे. आणि कमी अट आहे म्हणून तेवढाच पगार चालेल असं नाही: त्या गटात आगेंटूर तुलनीय पगार तपासते. आगेंटूरचं 'एन्टगेल्टआटलास' हे पगार-दर्शक सर्वांना खुलं आहे. त्यात तो व्यवसाय आणि ते राज्य टाकून आकडा बघा, मग ऑफर लिहा.

50,700 वर मालकाचा सामाजिक विम्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा चढतो. एका माणसाचे सुमारे 61,000 युरो. वर्षातले प्रत्यक्ष कामाचे तास, रजा, सुट्ट्या, आजारपण वजा जाता 1,700 च्या आसपास. म्हणजे ताशी 36 युरो नुसता पगारखर्च. हिशोबनीस, पेरोल, कार्यालय, प्रवास वेगळा. तुमचा आजचा बिलाचा दर चाळिशीच्या आत असेल तर जीएमबीएच तुम्हाला तोट्यात नेईल. दर वाढवून मागण्याआधी कंपनी काढू नका.

पात्रतेत अडतं ते सहसा कागदावर. 'आनाबिन' या जर्मन माहितीकोशात विद्यापीठ आणि पदवी दोन्ही सापडायला हव्यात. शोधताना कॉलेजचं नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव टाका. पदवी सापडली नाही तर मूल्यांकन मागवावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. डिप्लोमा करून पुढे आलेला तुमचा उत्तम प्रोग्रॅमर असेल तर नोव्हेंबर 2023 पासून त्यालाही दार उघडं आहे: गेल्या सात वर्षांत आयटीचा किमान तीन वर्षांचा तज्ज्ञ अनुभव आणि तोच कमी गटाचा पगार. अनुभवाची पत्रं मात्र 'समाधानकारक सेवा' अशा एका ओळीची नकोत. कोणत्या प्रणालीवर, कोणती जबाबदारी, कधीपासून कधीपर्यंत, हे हवं.

घाई असेल तर निवास कायद्याच्या कलम 81अ ची जलद प्रक्रिया आहे. ती जर्मनीतला मालक तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करतो, फी 411 युरो, नंतर वकिलातीत तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट आणि पूर्ण अर्जावर साधारण पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय. ती अडते मालकाच्या 'नोकरीविषयक घोषणापत्रा'वर. कामाचं वर्णन 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' एवढंच, प्रत्यक्ष ठिकाण ग्राहकाचा प्लांट पण लिहिलेला पत्ता कार्यालयाचा, आणि 'त्रयस्थाकडे काम करायला देणार का' या प्रश्नापुढे विचार न करता मारलेली खूण. या तीन ओळी स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका.

जर्मनीत मालक झालात की खरोखर नवे असलेले नियम तुम्हाला भेटतील. 1 जानेवारी 2026 पासून परदेशात राहणाऱ्या माणसाशी करार करणाऱ्या जर्मन मालकाने, कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत, त्याला कामगार कायद्याविषयी मोफत सल्ला कुठे मिळतो हे जवळच्या केंद्राच्या पत्त्यासह लेखी कळवायचं आहे. ईमेल चालतो, पाठवल्याचा पुरावा ठेवा. परवान्याची प्रत नोकरी असेपर्यंत जपायची, आणि नोकरी मुदतीआधी संपली तर कळल्यापासून चार आठवड्यांत कार्यालयाला कळवायचं. वेतन-पारदर्शकतेच्या युरोपीय निर्देशाला देशोदेशी कायद्यात आणायची मुदत 7 जून 2026 होती. त्यातली एक गोष्ट आपल्या एचआरला जड जाणार आहे: उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही आणि तुमचा पगाराचा पट्टा आधी सांगायचा. "करंट सीटीसी किती?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न तिथे विचारता येणार नाही.

पुण्याच्या पगारावर तात्पुरता पाठवलेला माणूसही तिथल्या किमान नियमांतून सुटत नाही. किमान वेतन 2026 मध्ये ताशी 13.90 युरो, 1 जानेवारी 2027 पासून 14.60. आठवड्याला 40 तासांच्या हिशोबाने महिन्याला सुमारे 2,409 युरो, आणि हॉटेल-जेवणाची भरपाई त्यात धरता येत नाही. पुण्याचा मूळ पगार महिना 80,000 रुपये आणि बाकी सगळा भत्ता, ही रचना इथे कोसळते. पगारपत्रकात 'जर्मनी नेमणूक वेतन' असा स्वतंत्र, करपात्र रकाना करा. दिवसाला दहा तासांची कमाल मर्यादा आणि दोन पाळ्यांमध्ये 11 तासांची विश्रांतीही लागू. गो-लाइव्हच्या, म्हणजे प्रणाली प्रत्यक्ष सुरू करण्याच्या, रात्री हेच पहिलं मोडतं.

पुण्याच्या पगारावरच्या माणसासाठी ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढा. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. त्यामुळे 48 महिन्यांपर्यंत पीएफ इथेच भरत राहता येतो आणि जर्मन पेन्शनची 18.6 टक्के वर्गणी टळते. हे निघण्याआधी काढायचं. ब्लू कार्डावर स्थानिक करार असलेल्याला मात्र हे लागू नाही. आयकरासाठी 183 दिवसांचा नियम (तेवढ्या दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर तिथे पगाराला कर नाही) सगळ्यांना पाठ असतो, पण पगाराचा बोजा जर्मनीतल्या कंपनीने उचलला तर तो पहिल्या दिवसापासून गळून पडतो, हे पाठ नसतं. आणि तोच माणूस फ्रान्समधल्या प्लांटला पाठवायची वेळ आली तर जर्मनीचे कागद पुरत नाहीत. तिथली कामाची परवानगी वेगळी तपासा, शिवाय काम सुरू होण्याआधी सिप्सी या तिथल्या सरकारी पोर्टलवर नोंद लागते.

आता बाँड. तुमच्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे: मी पाठवलं नाही तर ती मुलं जाणार नाहीत. तसं राहिलेलं नाही. जर्मनीने 2024 मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला 20,000 व्हिसांवरून 90,000 पर्यंत जाण्याची घोषणा केली. 1 जून 2024 पासून संधी कार्डावर माणूस नोकरी हातात नसताना, शोधायला म्हणून जाऊ शकतो. ब्लू कार्डवाल्याला 12 महिन्यांनंतर मालक बदलायला कुणाला विचारावं लागत नाही, आधीही फक्त कळवावं लागतं आणि कार्यालय 30 दिवस थांबवून तपासू शकतं. बी1 म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत त्याला कायम वास्तव्य मागता येतं. दोन वर्षांचा बाँड तोवर संपलेलाही नसतो, बघा.

भारतीय करारावर बाँड घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, 2 लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला. पण तिथे सरकारी भरतीचा खर्च आणि रक्कम वाजवी असणं, हे दोन्ही तोलले गेले होते. तुम्ही 15 लाख लिहिले म्हणून ते मिळतील असं नाही. खरा झालेला खर्च, पावत्यांसह, महिन्यागणिक कमी होत जाणारा, एवढंच लिहा. जर्मन करारात तर नोकरी कोणत्या कारणाने सुटली हे न बघता सरसकट वसुली करणारं कलम न्यायालयात टिकत नाही. पासपोर्ट ठेवून घेण्याचा विचार पत्रात पुसटसा डोकावतो. तो तिथेच सोडा, तो गुन्ह्याचा मार्ग आहे.

त्याऐवजी दोन गोष्टी. ग्राहकाशी करारात लिहा: आमचा माणूस तुम्ही थेट घेतलात तर ठरलेली भरपाई द्याल, आणि तीन महिने तो बदली माणसाला काम शिकवेल. ग्राहक मोठा असेल तर हे मान्य करतो, कारण त्याला ब्लू कार्ड देणं तुमच्यापेक्षा सोपं आहे. किंबहुना जो मुलगा पाच वर्षांतला बराच काळ तिकडेच होता, त्याच्यासाठी हाच सरळ रस्ता असू शकतो. आणि प्रत्येक प्लांटचं काम दोन जणांना येईल असं बघा. एकाच माणसाच्या डोक्यात सगळं असण्याची भीती तुम्ही बाँडने झाकता आहात.

मी तुमच्या जागी काय करेन: आज तिकडे असलेल्यांना हातातलं काम थांबवायला सांगेन, बैठका आणि देखरेख एवढंच, नाहीतर परतीचं तिकीट. महिन्याभरात कामाची यादी दोन रकान्यांत, नवा करार, आणि पुढची फेरी कलम 19 वर. जीएमबीएचचा निर्णय दराच्या वाटाघाटीनंतर, पुढच्या वर्षाचे पगाराचे आकडे बघून.

पर्चेसच्या मेलला उत्तर मात्र या आठवड्यातच द्या. मागच्या पाच वर्षांचा खुलासा त्यात करू नका. त्यासाठी जर्मन कामगार कायद्याच्या वकिलाची एक तासाची फी खर्च करा आणि तो सांगेल तेवढंच बोला. मेलमध्ये पुढचं लिहा: या तारखेपासून प्लांटवरचं काम इन्स्टॉलेशन, प्रशिक्षण आणि देखभाल एवढंच असेल; प्रत्येक माणसाच्या प्रवासाच्या दहा दिवस आधी तुम्हाला त्याच्या व्हिसाची प्रत, आगेंटूरला दिलेली सूचना, कव्हरेज सर्टिफिकेट आणि दोन्ही घड्याळांवरचे शिल्लक दिवस मिळतील; सूचना देणारा आमचा लीड अमुक, त्याचा फोन हा. सोबत पहिल्या माणसाचा भरलेला नमुना जोडा.